ओव्हलसमोरच्या घराची फरशी राखणाऱ्या मिस्त्रीकाकांस अनावृत पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

चर्चगेटचे आमचे घर विक्रीस काढल्याची जाहिरात गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाली. ‘ऐतिहासिक इमारतीतील नूतनीकरण केलेली सदनिका’ असे तिचे शीर्षक असून खाली क्षेत्रफळ, छताची उंची, लिफ्ट आणि समोरचे ओव्हल मैदान असा सगळा तपशील दिलेला आहे. हे नूतनीकरण कोणाच्या हातून झाले, याविषयी तिच्यात अवाक्षर नाही. ती उणीव मला स्वस्थ बसू देईना, म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे. नाव छापू नये ही तुमची इच्छा मी पाळली आहे. परंतु आमच्या इमारतीतील प्रत्येक जण तुम्हाला ओळखेल, याची मला खात्री आहे.

माझे आजोबा उच्च न्यायालयात वकिली करत असत. मैदान ओलांडले की न्यायालय, या सोयीसाठी त्यांनी येथे बिऱ्हाड केले. मैदानाच्या पूर्वेस 1878 साली पूर्ण झालेली उच्च न्यायालयाची इमारत आणि राजाबाई टॉवर, तर पश्चिमेस बॅकबेच्या भरावावर 1930 च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती, अशा दोन काळांच्या समोरासमोर आमचे बालपण गेले. 2018 साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंचा मिळून जागतिक वारसा यादीत समावेश केला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. मात्र त्याच घरातील जुनी जमीन आमच्याच माणसांनी कधीकाळी चकचकीत टाइल्सखाली गाडून टाकली होती, याचा आम्हाला पूर्ण विसर पडला होता.

घर विकायचे ठरल्यावर मिळालेला सल्ला एकमुखी होता: सगळे उखडावे, व्हिट्रिफाइड टाइल्स बसवाव्यात, फॉल्स सीलिंग करावे, म्हणजे भाव चांगला येईल. मीही त्याच तयारीत होते. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी हातोडीच्या दांड्याने दिवाणखान्याची जमीन ठोकत, कान देऊन ऐकत, भिंतीकडेने एक फेरी मारलीत आणि म्हणालात, “ताई, खाली जुनी फरशी आहे. दोन दिवस द्या मला.” दाराआडची एक टाइल काढून चिकटवलेला थर खरवडल्यावर खालून पिवळ्या मातकट रंगाची, गडद हिरव्या काठाची सिमेंटची फरशी वर आली. ओल्या फडक्याने पुसताच तिचा रंग असा उजळला की माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण त्याच हिरव्या काठावरून आम्ही भावंडे तोल सांभाळत चालत असू.

पुढचे काम किती जिकिरीचे होते, हे मी रोज पाहत होते. ही फरशी भट्टीत भाजलेली नसते, साच्यात दाबून पाण्यात मुरवलेली असते आणि तिचा रंगीत थर काही मिलिमीटरच जाडीचा असतो, त्यामुळे मशीन जोरात फिरवले तर नक्षीच घासून जाईल, असे तुम्ही मला समजावून सांगितलेत. एका कामगाराने डाग काढायला अ‍ॅसिडची बाटली आणली, तेव्हा ती तुम्ही त्याच्या हातून काढून घेतलीत, कारण अ‍ॅसिड डागाबरोबर सिमेंटही खाते. खिडकीखालच्या अकरा फरश्या पार फुटल्या होत्या. त्यांच्या जागी मिळत्याजुळत्या नव्या घ्याव्यात असे मी सुचवले. त्यावर तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, ओट्याखाली वाकून पाहिलेत आणि तेथे, कोणाची नजर जात नाही अशा जागी, तीच नक्षी मला दाखवलीत. जुना थर चुन्याचा असल्याने पातळ पात्याने कडा मोकळ्या करत त्या एकेक करून अखंड निघाल्या. त्या कामाला पूर्ण चार दिवस लागले आणि त्यांची वेगळी मजुरी तुम्ही घेतली नाहीत. ती चुकती करण्याची माझी इच्छा अजूनही आहे.

स्वयंपाकघरातील तुळईचे ऋण याहून मोठे आहे. पूर्वीच्या एका ठेकेदाराने तिच्या भेगा वरवर गिलावा मारून बुजवल्या होत्या. तुम्ही तो सैल गिलावा पाडलात, तेव्हा आतील गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंड गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतूनच फोडतो, हे मला तेव्हा कळले. तुम्ही तेथेच काम थांबवलेत. “हे माझ्या हातचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा,” असे सांगणारा कारागीर मी माझ्या आयुष्यात प्रथमच पाहिला. आज जे कुटुंब हे घर घेईल, ते त्या तुळईखाली निर्धास्त स्वयंपाक करील, तो तुमच्या त्या एका वाक्यामुळे.

बाल्कनी काच लावून खोलीत घेण्याचा माझ्या भावाचा आग्रह तुम्ही मोडून काढलात, हेही येथे नोंदवते. वारसा समितीच्या परवानगीचा प्रश्न होताच. पण तुम्ही त्याला खाली रस्त्यावर नेऊन, बाल्कन्यांच्या गोलाईवरून आणि छज्ज्यांच्या रेषांवरून साऱ्या इमारतीभर फिरणारी ओळ बोटाने दाखवलीत, तेव्हा तो काही न बोलता वर आला. खिडक्यांचे जुने सागवान तुम्ही आणलेल्या सुतारांनी दुरुस्त केले आणि त्यावर लाखेचे पॉलिश चढवले. त्यांनाही माझे धन्यवाद कळवावेत.

घर पाहायला येणारे लोक आता दारातच थबकून जमिनीकडे पाहतात. ते विचारतात आणि मी त्यांना तुमच्याविषयी सांगते. उरलेल्या चार अखंड फरश्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. कोणती फरशी कोठून काढून कोठे बसवली, याचा तुम्ही पेन्सिलीने काढलेला नकाशा सोसायटीच्या भागप्रमाणपत्राबरोबर नव्या मालकांच्या हाती देणार आहे. त्यात अ‍ॅसिड वापरू नये, ही तुमची सूचना मी लाल शाईने लिहिली आहे.

किल्ल्या देण्यापूर्वी एका संध्याकाळी काकूंना घेऊन घरी यावे, ही विनंती. पश्चिमेच्या खिडकीतून साडेपाचच्या सुमारास ऊन त्या हिरव्या काठावर येते. ते त्यांनी पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आपली ऋणी,
तिसऱ्या मजल्यावरील ताई