जनुक जागच्या जागीच असतं, संपादक महाशय!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या विज्ञान पुरवणीत 'पेशीत घुसलेले जिवाणू बदलतात आपली जनुकं' असा मथळा आहे. मथळा देणाऱ्याने खालचा लेख वाचला असता तर बरं झालं असतं. जनुकातलं एक अक्षरही बदलत नाही. ते वाचलं जाणार की नाही, एवढंच बदलतं.

लेखातला ॲनाप्लाझ्माच घ्या. गोचिडीतून येणारा हा जिवाणू राहायला निवडतो न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणू मारणारीच पांढरी रक्तपेशी! तिचं एक मोठं हत्यार सुपरऑक्साइड. ते बनवणाऱ्या एन्झाइमचा एक भाग सीवायबीबी जनुकातून येतो. जिवाणूने सोडलेलं अँकए प्रथिन केंद्रकात जाऊन नेमकं या जनुकाच्या प्रमोटरला, म्हणजे ते चालू करणाऱ्या तुकड्याला, चिकटतं आणि पेशीचंच एचडॅक-१ एन्झाइम तिथे आणवतं. ते हिस्टोनवरचे, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे, ॲसिटिल गट (छोट्या रासायनिक खुणा) काढतं, क्रोमॅटिन, म्हणजे ती सगळी गुंडाळी, आवळलं जातं, जनुक गप्प. डीएनएचा क्रम जसाच्या तसा. लिजिओनेला या दुसऱ्या जिवाणूचं रोमए प्रथिन तर कुणाला बोलावतही नाही. हिस्टोन एच-३ मधल्या १४व्या जागेवरच्या लायसीन या अमिनो आम्लावर स्वतःच तीन मिथिल गट बसवतं. मग तिथे ॲसिटिलला जागाच उरत नाही.

'संसर्गानंतर खुणा बदलल्या, अर्थात जिवाणूने बदलल्या' हे लेखातलं वाक्य मात्र मथळ्याहून वाईट. लिजिओनेलाच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड ओळखलं तरी पेशी आपणहून कितीतरी जनुकं चालू-बंद करते. म्हणून प्रयोगात तुलनेसाठी शेजारी मारलेले जिवाणू हवेत, रोमए काढलेले हवेत, आणि ते परत घातलेलेही हवेत. दहांतल्या दोनच पेशींत जिवाणू शिरला असेल, तर उरलेल्या आठ त्या खुणा बुजवून टाकतात. चमकणारे जिवाणू वापरून संसर्ग झालेल्या पेशी वेगळ्या काढाव्या लागतात. शिवाय खुणा मोजण्याआधी पेशींतली प्रथिनं डीएनएला घट्ट जोडायला १ टक्का फॉर्माल्डिहाइडमध्ये साधारण १० मिनिटं पुरतात. जास्त ठेवल्या तर क्रोमॅटिनचे २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे धड होत नाहीत, आणि मग आलेख हवा तसा वाचता येतो. लेखकाला हे ठाऊक असणारच, शब्दमर्यादा आडवी आली असेल.

आणि ते चित्र! लेखाशेजारी छापलेला काटेरी गोळा हा विषाणू आहे हो. ॲनाप्लाझ्मा न्यूट्रोफिलच्या आत एका पोकळीत दाटीवाटीने राहतो. रंगवलेल्या रक्तपट्टीत तो जांभळ्या पुंजक्यासारखा दिसतो. तेवढं छापलं असतं तरी चाललं असतं.

आपला,
एक वाचक