वीस सात आणि सत्तावीस

इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने २०१९ साली सत्तावीस, त्रेसष्ट यांच्या जोडीला 'वीस सात', 'साठ तीन' असे संख्यावाचन दिल्यावरून, याने भाषा बुडेल अशी उठलेली टीका वाचली. थट्टा विधानसभेपर्यंत पोहोचली. वर्गातली अडचण मात्र फारशी कुणी पाहिलेली दिसत नाही.

'सत्तावीस लिही' म्हटले की मूल आधी सात ऐकते आणि पाटीवर ७२ लिहून मोकळे होते. पहिली-दुसरी शिकवताना ही चूक मी चांगल्या हुशार मुलांच्या पाटीवरही पाहिली आहे. बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी, हा खरा घोळ. त्यात ८९ ला एकोणनव्वद, पण ९९ ला नव्याण्णव! शेजारच्या कानडीत 'इप्पत्तेळु' म्हणजे सरळ वीस आणि सात. तिथल्या मुलाला ही उलटापालट करावी लागत नाही.

दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवा. मूल आपणहून 'वीस आणि सात' म्हणते. तेच पुस्तकात छापले तर भाषा बुडते कशी? जुनी नावे त्या पुस्तकातून काढलेली नव्हती, आणि किराणा दुकानात 'सत्तावीस रुपये' कानावर पडायचेच आहे.

मागणी एवढीच, की तोंडी परीक्षेत दोन्हींपैकी कोणतेही उत्तर बरोबर धरावे, असे शाळांना लेखी कळवावे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा