आण्णा, एफडी मोडू नका

आई, आण्णा,

काल फोनवर आण्णांनी माझ्या शिक्षणासाठी एफडी मोडायचा विषय काढला आणि मला क्लासला पळायचं होतं, नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर टाइप करतोय, ताईला वाचून दाखवायला सांगा.

एफडी मोडू नका आणि सोसायटीचं कर्ज तर अजिबात काढू नका. एमएस्सीची फी, रूमचं भाडं, मेस, मी भागवतोय. शिरोलीच्या फौंड्रीत लॅबला होतो तेव्हाचं साठवलेलं आहे, संध्याकाळी राजारामपुरीत दहावीच्या पोरांना सायन्स शिकवतो त्यातनं वरखर्च निघतो. शैक्षणिक कर्ज पण बघितलं होतं, पण त्याला बँक आई-वडिलांना सहकर्जदार धरते, म्हणजे फिरून सही तुमचीच.

खरं सांगू का, फी वर्षाची एकदा भरली की सुटलो, दुखणं दुसरंच आहे. नोकरी सोडल्यावर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, बंद झाली आणि इन्सुलिन, सुया, शुगर तपासायच्या स्ट्रिपा सगळं खिशातनं आलं, दिवसाला चार सुया, त्याला काय दिवाळीची सुट्टी नाही. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात माझा टाइप वन मधुमेह नाही, त्यामुळं सवलत बिवलत पण नाही. म्हणूनच ती एफडी तशीच राहू दे. दवाखान्यासाठी तुमच्याकडनं पैसे घ्यायला मला लाज वाटत नाही, वाटणार पण नाही. पण सातवीपासनं घरातला प्रत्येक खर्च माझ्या सुईला विचारून झालाय, ताईच्या लग्नाचा मंडपसुद्धा. शिकायचं तेवढं तुमच्या दूधबिलातनं नको.

आई, लॅबमध्ये चक्कर आली हे तुला कुणी सांगितलं मला माहीत आहे, पण चक्कर नव्हती. टायट्रेशनचा प्रयोग करताना ब्युरेटवरचे, म्हणजे मापाच्या काचेच्या नळीवरचे, आकडे हलल्यासारखे झाले, तळहाताला घाम, तपासली तर शुगर 58. लॅबमध्ये खायला बंदी असते, केमिकल असतात, ते बरोबरच आहे. पार्टनरला आधीच सांगून ठेवलंय, त्यानं फ्लास्क धरला, मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन तीन चमचे साखर पाण्यातनं घेतली, पंधरा मिनिटं बसलो, परत तपासली, 70 च्या वर आल्यावर आत गेलो. रीडिंग पहिल्यापासनं घ्यावं लागलं, एवढंच. सरांना पण माहिती आहे.

आणि लहानपणी गुऱ्हाळावर काकवी लई खाल्ली म्हणून हे झालं असं तू अजून आत्तीला सांगतीस. तसं नाही गं. अंगातली प्रतिकारशक्तीच उलटते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारते, काकवीचा संबंध नाही, तू काही वावगं दिलं नाहीस. जांभळाच्या बियांची पावडर पण पाठवू नको, त्यानं माझं इन्सुलिन सुटणार नाही.

आण्णा म्हणतात तब्येत सांभाळून नोकरीच बरी होती. शाहू महाराज 1922 च्या मे महिन्यात गेले, त्याच वर्षी जानेवारीत तिकडं टोरँटोत 14 वर्षांच्या एका पोराला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं. म्हणजे महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगात माझ्यासारखा कोण शिकायला आला असता तर वर्ष-दोन वर्षांत संपला असता, नोकरी का शिक्षण हा प्रश्नच आला नसता. मला निदान निवडता येतंय.

आता द्यायचंच असेल तर एक द्या. रूमवर फ्रिज नाही, इन्सुलिनची न उघडलेली पेनं मालकीणकाकूंच्या फ्रिजात ठेवतो, 2 ते 8 डिग्रीत ठेवावी लागतात. काकू चांगल्या आहेत पण रात्री दहानंतर दार वाजवायला कसंतरी होतं. शिवाय पावसाळ्यात जादा साठा लागतो, 2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला आठवतंय ना. परड्यातल्या खोलीतला तो छोटा जुना फ्रिज चालत असला तर टेम्पोत उभा बांधूनच पाठवा, आडवा नको. त्याआधी दुरुस्तीवाल्याला दाखवून घ्या, बर्फ लई धरायचा तो, आणि इन्सुलिन गोठलं की फेकूनच द्यावं लागतं. स्टॅबिलायझर मी इथं बघतो.

तुमचा,
बाळू