अँथनी मस्कारेन्हस यांना अनावृत पत्र

आदरणीय मस्कारेन्हस साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपला जन्म १९२८ साली बेळगावात, एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. मीही याच गावचा. आयुष्याची बत्तीस वर्षे येथील मराठी शाळेत मी इतिहास शिकवला, आणि तरीही आपण आमच्या गावचे आहात हे मला निवृत्तीनंतर, तेही योगायोगाने कळले. तोवर आपल्याला जाऊन अनेक वर्षे लोटली होती. त्यामुळे हे पत्र आपल्या हाती पडणार नाही. तरीही पत्रकार म्हणून आपण १९७१ साली जे लिहिलेत त्याबद्दल जे आभार मानायचे राहून गेले आहेत ते चारचौघांसमोर मानावेत, म्हणून ते असे उघडपणे लिहीत आहे.

१९७१ साली मी बारा वर्षांचा होतो. माझे वडील टपाल खात्यात कारकून होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या मध्यापासून बहुतेक टपालावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावणे बंधनकारक झाले होते. स्वतंत्र तिकिटे छापून होईपर्यंत कुटुंब नियोजनाच्या जुन्या तिकिटांवरच ‘शरणार्थी सहायता’ ही अक्षरे छापून ती वापरात आणली गेली. पोस्टाच्या खिडकीशी येणारे लोक या जादा पाच पैशांबद्दल विचारत, आणि वडील प्रत्येकाला न कंटाळता सांगत की पूर्व बंगालमधून, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आणि आजच्या बांगलादेशातून, जी माणसे जीव घेऊन पळून आली आहेत त्यांच्या अन्नासाठी हे पैसे आहेत. भारतात आलेल्या त्या माणसांची संख्या वर्षअखेर एक कोटीच्या घरात गेली. ही माणसे कशापासून पळत होती हे जगाला ज्यांनी स्वतःच्या नावानिशी सांगितले त्यांत आपण होता, हे मात्र पोस्टाच्या त्या खिडकीशी उभ्या असलेल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

आपण काय केलेत ते येथे सविस्तर लिहितो, कारण हे पत्र वाचणाऱ्या अनेकांना आपले नावही नवे असेल. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली, विद्यापीठाच्या वसतिगृहांवर गोळीबार केला आणि लगोलग परदेशी वार्ताहरांना हॉटेलात कोंडून देशाबाहेर काढले. त्यानंतर, सारे काही सुरळीत आहे असे चित्र उभे करण्यासाठी, एप्रिलच्या अखेरीस आठ पाकिस्तानी पत्रकारांना लष्कराने स्वतःच पूर्व भागात फिरवून आणले. कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’चे सहायक संपादक म्हणून त्या आठांत आपण होता. परतल्यावर इतर सात जणांनी त्यांच्याकडून जे अपेक्षित होते ते लिहिले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. लष्करी राजवटीत, बायकामुले घरात असताना माणूस काय लिहील हे सुरक्षित खोलीत बसून ठरवणे सोपे असते.

आपण मात्र लिहिले नाही. कुमिल्ल्याला नवव्या डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांबरोबर सहा दिवस हिंडताना आपण जे पाहिले, ते लिहिता आले नाही तर यापुढे एक शब्दही लिहिणार नाही, असे आपण घरी येऊन पत्नीला सांगितलेत. गावोगाव आणि दारोदार हिंदूंचा शोध घेतला जात होता आणि सुंता झालेली नाही एवढ्या एका तपासणीवरून माणसाला गोळी घातली जात होती. कुमिल्ल्याच्या सर्किट हाऊसच्या आवारातून, मार खात मरणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या आपण ऐकल्या. संचारबंदीच्या अंधारात ट्रक भरभरून माणसे ‘विल्हेवाटी’साठी नेली जात होती, आणि त्यांत त्या माणसांना आसरा देऊ पाहणारे शेजारीही होते. वीस लाख माणसे मारावी लागली आणि तीस वर्षे हा प्रांत वसाहतीसारखा ताब्यात ठेवावा लागला तरी चालेल, असे अधिकारी आपल्याशी मोकळेपणाने बोलत होते. हे शब्द रागाच्या भरात कोणा एकाच्या तोंडून निसटलेले नव्हते, तर वेगवेगळ्या दर्जाच्या अधिकाऱ्यांकडून आपल्याला तेच ते ऐकायला मिळाले. यामागे आखलेले धोरण आहे हे त्यावरूनच आपण ओळखलेत.

पाकिस्तानात प्रत्येक ओळ लष्करी सेन्सॉरच्या हाताखालून जात असल्याने तेथे ही हकिकत छापली जाणे अशक्य होते. म्हणून आजारी बहिणीला भेटायचे निमित्त सांगून आपण मे महिन्यात लंडन गाठलेत आणि थेट ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांच्यासमोर जाऊन बसलात. छापण्यापूर्वी कुटुंब बाहेर काढणे आवश्यक होते. कोणाला संशय येऊ नये म्हणून आपण पुन्हा कराचीला परतलात, पत्नी आणि पाच मुले निघून गेल्यावर, वर्षातून एकाच परदेशी विमानप्रवासाला परवानगी असल्याने, एकट्याने जमिनीवरून अफगाणिस्तानची सीमा ओलांडलीत, आणि लंडनमध्ये सर्वजण एकत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी १३ जून १९७१ रोजी, आपला वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यावर मथळा एकाच शब्दाचा होता: जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार.

साहेब, माझ्या कृतज्ञतेचे खरे कारण आपल्या धाडसाच्याही पुढचे आहे. परदेशी सरकारांना जाब विचारायचा तर तो कसा विचारावा, हे मी आपल्याकडून शिकलो.

त्या सरकारांना काहीच ठाऊक नव्हते, असे नव्हते. ढाक्यातील अमेरिकेचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी मार्चअखेरीसच आपल्या सरकारला कळवले होते की येथे निवडून निवडून वंशसंहार चालला आहे. ६ एप्रिल रोजी तर त्यांच्या कचेरीतील वीस जणांनी सह्या करून आपल्याच सरकारच्या मौनाचा लेखी निषेध केला. वॉशिंग्टनने त्याचे उत्तर ब्लड यांना तेथून हलवून दिले. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना चीनशी बोलणी सुरू करायची होती आणि ती वाट पाकिस्तानातून जात होती; जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादहूनच गुपचूप बीजिंगला गेले. म्हणजे माहिती फायलींमध्ये होती, पण तिच्यामुळे कोणाची झोप उडत नव्हती. गोपनीय तार मंत्र्याच्या टेबलावरून बाजूला सारता येते. रविवारी सकाळी लाखो घरांत पोहोचलेले वर्तमानपत्र मात्र सारता येत नाही, कारण मग मतदार खासदाराला विचारतो आणि खासदार मंत्र्याला. आपल्या लेखाने हे घडवून आणले. आपल्या लेखाने मी इतकी हादरले की युरोपातील राजधान्या आणि मॉस्को येथे स्वतः जाऊन बोलणी करण्याची मोहीमच हाती घेतली, असे इंदिरा गांधींनी इव्हान्स यांना सांगितले होते, आणि त्यांनी ते नंतर नोंदवले आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या ब्रसेल्स, व्हिएन्ना, लंडन, वॉशिंग्टन, पॅरिस आणि बॉन येथे गेल्या, आणि तेथे त्यांचे ऐकून घेणारा समाज बऱ्याच अंशी आपल्यासारख्यांच्या लेखणीने आधीच तयार केलेला होता. वॉशिंग्टनने मात्र शेवटपर्यंत ऐकले नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कोण मारले जात आहेत हे आपण आडपडदा न ठेवता लिहिलेत. बंगाली म्हणून, विद्यार्थी म्हणून, शेख मुजीब यांच्या अवामी लीग पक्षाचे कार्यकर्ते म्हणून माणसे मारली जात होती आणि त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. शिवाय हिंदूंना केवळ हिंदू म्हणून वेगळे काढून मारले जात होते. वंश आणि धर्म अशा दोन्ही अंगांनी तो छळ होता. आमच्या सरकारने त्या वेळी निर्वासितांमधील हिंदूंचे फार मोठे प्रमाण देशात ठळकपणे पुढे येऊ दिले नाही, कारण त्यातून येथे दंगली पेटतील आणि येथील निरपराध मुसलमानांवर सूड उगवला जाईल अशी भीती त्याला होती. ती भीती अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी येथे शांतता राहिली ही मोठी गोष्ट होती. पण त्याची किंमत अशी पडली की ज्या माणसांना धर्मामुळे मारले गेले त्यांच्या मरणाचे कारणच पुढे अनेक वर्षे धूसर राहिले. वंशसंहारविषयक १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक गट म्हणून माणसांना नष्ट करण्याचा हेतू हाच गुन्ह्याचा गाभा मानला आहे. तो हेतू आपल्या वृत्तान्तात प्रत्यक्ष अधिकाऱ्यांच्या तोंडून आलेला आहे, आणि आजही परदेशी संसदेपुढे हा विषय मांडणाऱ्या माणसाला त्याचाच आधार घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट लिहिताना मी थोडा थांबलो होतो, पण ती वगळली तर हे पत्र अर्धवट राहील. मार्चमध्ये लष्करी कारवाईपूर्वी आणि तिच्या सुरुवातीच्या दिवसांत बंगाली जमावांनी आणि बंडखोर सैनिकांनी बिहारी (फाळणीनंतर तेथे स्थायिक झालेले उर्दूभाषक मुसलमान) आणि इतर बिगर-बंगाली कुटुंबांच्या ज्या हत्या केल्या, त्याही आपण त्याच वृत्तान्तात लिहिल्यात. त्या वेळी अनेकांना हे अडचणीचे वाटले असेल. परंतु लष्कराने जे केले ते त्याहून कितीतरी मोठे आणि पद्धतशीर होते, हे आपले म्हणणे लोकांनी मानले ते आपण दुसरी बाजू लपवली नव्हती म्हणूनच, असे माझे मत आहे. आपल्या माणसांवरील अत्याचारांची यादी घेऊन जाणारा आणि आपल्या माणसांनी केलेले अत्याचार खिशात ठेवणारा अर्जदार परदेशी सरकारला लगेच ओळखू येतो, आणि मग कृती न करण्यासाठी त्याला आयते निमित्त मिळते.

हे मी अनुभवाने सांगतो. गेली सहा वर्षे मी आणि माझे चार निवृत्त सहकारी परदेशातील लोकप्रतिनिधींना पत्रे लिहितो, आणि जेथे आमचे मराठी विद्यार्थी स्थायिक झाले आहेत तेथे त्यांच्याकरवी त्यांच्या मतदारसंघात ती पोहोचवतो. १९७१ च्या वंशसंहाराला त्या देशांनी औपचारिक मान्यता द्यावी ही आमची एक मागणी, आणि म्यानमारमधील रोहिंग्यांवर जे झाले त्याबद्दल निर्बंध आणि न्यायालयीन कारवाई यांना पाठबळ द्यावे ही दुसरी. एका निर्वासितांच्या बाजूने बोलणारे दुसऱ्यांच्या बाजूने का बोलतात, असे आम्हाला येथे विचारले जाते. त्यावर आमचे उत्तर असे आहे की ज्या बांगलादेशातून १९७१ साली एक कोटी माणसे बाहेर पडली, त्याच देशाने २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना कॉक्स बाझारमध्ये आसरा दिला, आणि धर्म व वंश पाहून माणसाला घरातून हाकलणे हा गुन्हा पीडिताच्या धर्मानुसार लहान-मोठा होत नाही.

आमच्या पहिल्या पत्रांत विशेषणे फार होती. त्यांना उत्तरे आली नाहीत, किंवा आली ती छापील आली. मग आम्ही आपला वृत्तान्त समोर ठेवून लिहायला बसलो. स्थळ, तारीख, कोणी पाहिले, कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली घडले आणि आमची नेमकी मागणी काय, एवढेच ठेवले आणि बाकीचे काढून टाकले. त्यानंतर एका खासदाराच्या कार्यालयातून कागदपत्रे मागवणारे पत्र आले. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण छापील नसलेले ते पहिलेच उत्तर होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात स्टीव्ह शॅबट आणि रो खन्ना या दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्यांनी मिळून १९७१ चा वंशसंहार मान्य करण्याचा ठराव मांडला, तेव्हा आम्ही पाचही जण माझ्या घरी रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. तो ठराव मतदानापर्यंत पोहोचला नाही. ज्या सरकारने आर्चर ब्लड यांचे ऐकले नाही, त्या सरकारने निदान आता त्यांच्या शब्दाला होकार द्यावा, एवढीच आमची मागणी आहे, आणि ती आम्ही सोडलेली नाही.

ढाक्याच्या मुक्तियुद्ध संग्रहालयात आपला लेख मांडलेला आहे. आपल्या जन्मगावी मात्र आपल्या नावाची साधी पाटीही माझ्या पाहण्यात नाही. त्यासाठी मी अर्ज करणार आहे, पण त्याआधी आपल्या वृत्तान्ताचा सारांश मराठीत करून आमच्या शाळेच्या वाचनालयात ठेवला आहे. दहावीच्या मुली तो वाचून गेल्या आणि त्यांच्यापैकी एकीने विचारले की मस्कारेन्हस यांच्या घरच्यांचे पुढे काय झाले. म्हणून शेवटचे आभार आपल्या पत्नीचे मानतो. ‘अ‍ॅनची शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ अशी, निघण्याची खूण म्हणून ठरवून ठेवलेल्या मजकुराची तार पहाटे तीन वाजता आली, तेव्हा त्यांनी मुलांना उठवले. प्रत्येकाला एकच बॅग बरोबर घेता येणार होती. कराचीतील घर, माणसे आणि सगळा संसार मागे ठेवून, रडत रडत, त्या पाच मुलांना घेऊन बाहेर पडल्या आणि त्या लंडनला पोहोचेपर्यंत आपला लेख छापता येत नव्हता.

आपला कृतज्ञ,
बेळगावचा एक निवृत्त शिक्षक