थांब, इतक्यात टाळ्या नकोत

नाशिक,
२२ जुलै २०२४

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

गणपती झाले की सविस्तर पत्र लिहीन, असे मी तुला सांगितले होते आणि ते गणपती गेल्या वर्षीचे होते. मधल्या काळात फोन झाले, पण फोनवर आपण दुखणी आणि लग्नकार्ये यांच्यापलीकडे जात नाही. माझी तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच आहे. आज लिहायला बसले त्याला कारण घडले आहे, आणि ते तुझ्याखेरीज कुणाला सांगितले तर त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे ऐकणारा विचारील.

शुक्रवारी, १९ तारखेला, माधवची ईरा आणि मी टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा एकोणिसावा टप्पा पाहत होतो. एम्ब्राँहून निघायचे, बोनेत घाटाच्या २८०२ मीटर उंचीवरून पलीकडे उतरायचे आणि मग इझोला २००० नावाच्या ठिकाणापर्यंत पुन्हा चढायचे, असा तो दिवस होता. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉइसी या गावी वाढलेला मॅटेओ जॉर्गेन्सन आघाडीच्या जथ्यातून सुटून शेवटच्या चढावर एकटा पुढे गेला होता. खांदे अजिबात न हलवता तो पॅडल मारीत होता, ते पाहून मला आपल्या सरांची आठवण झाली, कारण घाटात ज्याचे खांदे हलतात त्याचे पाय संपलेले असतात, असे ते म्हणत. ईरा उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. आणि माझ्या तोंडून निघाले, "थांब, इतक्यात टाळ्या नकोत."

शैला, हे शब्द तुझे आहेत. अठरा वर्षांपूर्वी तू मला ते ऐकवलेस तेव्हा मला तुझा किती राग आला होता, हे तुला माहीत आहे.

ईराचे हात तिथेच थांबले. "का गं आत्या?" असे तिने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. दोनेक किलोमीटर उरले असताना मागून शर्यतीत आघाडीवर असलेला तादेय पोगाचार आला, जॉर्गेन्सनला ओलांडून गेला आणि जॉर्गेन्सन २१ सेकंदांनी दुसरा आला. पोगाचार येतो आहे हे आत्याला आधीच दिसले होते आणि म्हणून तिने आपल्याला थांबवले, असा ईराने अर्थ लावला. "तुला कसं कळलं?" असे तिने मोठ्या कौतुकाने विचारले. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. तीन दिवस झाले, ते मला बोचते आहे.

त्या २० जुलै २००६ च्या गुरुवारी आपण तुमच्या कॉलेज रोडच्या घरी होतो आणि बाहेर इतका पाऊस होता की केबल जाईल अशी भीती वाटत होती. आदल्या दिवशी ला तुसुइरच्या चढावर अमेरिकेचा फ्लॉइड लँडिस कोसळला होता, दहा मिनिटे मागे पडला होता, एकूण शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी गेली होती आणि तो अकराव्या क्रमांकावर फेकला गेला होता. आणि त्या गुरुवारी तोच माणूस शंभराहून अधिक किलोमीटर आधीच सुटला, डोक्यावर पाण्याच्या बाटल्यामागून बाटल्या ओतत घाटामागून घाट चढला आणि मॉर्झीनला साडेपाच मिनिटांहून अधिक अंतर राखून पोहोचला. मी नाचत होते. तू मात्र चहाचा कप खाली ठेवून म्हणालीस, "थांब, इतक्यात टाळ्या नकोत. आठवडाभर जाऊ दे." रविवारी तो पॅरिसमध्ये पिवळ्या जर्सीत उभा राहिला आणि २७ तारखेला, म्हणजे अगदी पुढच्याच गुरुवारी, मॉर्झीनच्या दिवशीच्या त्याच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण आक्षेपार्ह निघाल्याची बातमी आली. मी तुला फोन केला नाही आणि तू केलास तेव्हा घेतला नाही. त्या माणसाने माझी फसवणूक केली आणि राग मात्र मी तुझ्यावर धरला, तोही दिवाळीपर्यंत. पुढे २०१० मध्ये त्याने स्वतःच सारे कबूल केले तेव्हा तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस, हे मी कधी विसरणार नाही.

पण माझ्या रागाचे मूळ लँडिसमध्ये नव्हते, ते अण्णांच्या मनगटावर होते. लान्स आर्मस्ट्राँगच्या संस्थेचा तो पिवळा रबरी पट्टा २००४ मध्ये निघाला आणि त्याच पावसाळ्यात अण्णांच्या आजाराचे निदान झाले. कर्करोग मेंदूपर्यंत आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचलेला माणूस १९९६ मध्ये मरणाच्या दारातून परततो आणि १९९९ पासून लागोपाठ सात वर्षे जगातली सर्वांत अवघड शर्यत जिंकतो, ही गोष्ट अण्णा केमोच्या खोलीत शेजारच्या रुग्णांना सांगत असत. २००५ च्या जुलैमध्ये, सातव्या विजयानंतर आर्मस्ट्राँगने पॅरिसच्या मंचावरून सांगितले की जे शंका घेतात आणि ज्यांचा चमत्कारांवर विश्वास नाही त्यांच्याबद्दल मला वाईट वाटते. अण्णांनी ते ऐकून मान डोलावली. तू शेजारी बसली होतीस. तुझी मते तेव्हाही ठाम होती, तरी तू अण्णांच्या देखत एकदाही तोंड उघडले नाहीस आणि नंतर जिन्यात मात्र माझ्याशी कडाक्याने भांडलीस.

जिन्यातले भांडण टूर जिंकलेल्या जुन्या अमेरिकन सायकलपटूवरून, ग्रेग लेमाँडवरून होते. आपल्या निम्म्या भांडणांना तोच कारण असे! आर्मस्ट्राँग ज्या इटालियन डॉक्टरकडे जातो त्याचे नाव काळजी करण्यासारखे आहे, असे लेमाँडने २००१ मध्ये उघडपणे म्हटले होते. मी म्हणाले की आपल्यापेक्षा मोठा निघालेल्या माणसाचा हा मत्सर आहे. तू म्हणालीस की छातीत छर्रे घेऊन टूर जिंकलेल्या माणसाला मत्सर करायला वेळ नसतो. लेमाँडला त्या एका वाक्यासाठी जाहीर माफी मागावी लागली आणि त्याच्या नावाच्या सायकली काढणाऱ्या कंपनीशीही पुढे त्याचे संबंध तुटले. मग २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला, अकरा जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षी निघाल्या, सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि पुढच्या जानेवारीत आर्मस्ट्राँगने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. त्या सात वर्षांची विजेत्याची जागा कुणालाच दिली नाही, ती आजही रिकामी आहे. लँडिसचे २००६ सुद्धा गेले, ते ऑस्कर पेरेइरोला मिळाले. टूर जिंकणाऱ्या अमेरिकन पुरुषांच्या यादीत आज अधिकृतपणे एकच नाव उरले आहे आणि ते तुझ्या लेमाँडचे आहे. हे तुला लिहून द्यायला मला बारा वर्षे लागली, यासाठी क्षमा कर.

अण्णा २००७ मध्येच गेले. आपण ज्याच्या आधाराने ते दिवस काढले तो आधार खोटा होता, हे त्यांना कळले नाही. ते त्यांच्या दृष्टीने बरे झाले की वाईट, हा प्रश्न मी कित्येक रात्री घोळवला आहे. आर्मस्ट्राँगचा आजार खरा होता, त्याचे वाचणे खरे होते, अण्णांना मिळालेले धैर्यही खरेच होते. नंतरचे विजय तेवढे खोटे होते, पण ही विभागणी कागदावर जितकी सोपी वाटते तितकी मनाला जमत नाही. आणि आता तो पट्टा मे महिन्यापासून ईराच्या मनगटावर आहे. अण्णांच्या टेबलाच्या खणात तिला तो सापडला, आजोबांची खूण म्हणून तिने घातला आणि मी तिला त्याबद्दल काहीही सांगितले नाही. चौदा वर्षांची आहे ती. दर रविवारी पहाटे क्लबच्या मुलांबरोबर त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन येते आणि आल्यावर किती मिनिटे लागली ते भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिते.

शुक्रवारपासून मी स्वतःला तपासते आहे आणि त्यात जे सापडले ते मला आवडलेले नाही. २०१२ नंतर मी टूर पाहणे सोडले नाही, पण या सगळ्या वर्षांत माझे मन फक्त हरणाऱ्यांवर बसले. २०१४ मध्ये ओयोनाच्या वाटेवर अँड्र्यू टॅलान्स्की पाठदुखीने थांबला, रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला आणि मग पुन्हा सायकलवर चढून बत्तीस मिनिटे मागून, वेळेच्या मर्यादेच्या जेमतेम आत पोहोचला, तेव्हा मी रडले. २०१८ मध्ये लॉसन क्रॅडकने पहिल्याच दिवशी पडून खांद्याचे हाड मोडून घेतले आणि तसाच तीन आठवडे चालवून तो १४५ पैकी १४५ वा आला. पुऱ्या केलेल्या प्रत्येक टप्प्यामागे शंभर डॉलर तो ह्यूस्टनच्या वादळात नुकसान झालेल्या व्हेलोड्रोमसाठी, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानासाठी, देत होता. त्याच्यासाठी मी मनमुराद टाळ्या वाजवल्या. शेवटून पहिला आलेला माणूस कशाला औषधे घेईल, असा माझा छुपा हिशेब असावा. पण २०२१ मध्ये अँडोराच्या टप्प्यात सेप कस जिंकला, दहा वर्षांनी एका अमेरिकनाने टूरचा टप्पा जिंकला, तेव्हा मी हात मांडीवर ठेवून बसले होते.

बरे, तो हिशेबही खरा नाही. टायलर हॅमिल्टन आठवतो? २००३ मध्ये पहिल्याच टप्प्यात गळपट्टीचे हाड मोडले असताना तो पुढे चालवत राहिला, बायोनचा टप्पा एकट्याने जिंकला आणि एकूण चौथा आला. त्याची वेदना तर क्ष-किरणाच्या चित्रात दिसत होती. त्यानेही २०११ मध्ये वर्षानुवर्षे उत्तेजके घेतल्याचे कबूल केले. म्हणजे सोसणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा नाही आणि जिंकणे हा अप्रामाणिकपणाचा पुरावा नाही, आणि मी मात्र वीस वर्षे याच दोन खुणांवर माणसे ओळखत आले.

जॉर्गेन्सनचा जन्म १ जुलै १९९९ चा आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी आर्मस्ट्राँगच्या पहिल्या विजयाची टूर सुरू झाली होती. म्हणजे ज्या कर्जाची वसुली मी शुक्रवारी त्याच्याकडून करू पाहत होते ते कर्ज तो दोन दिवसांचा असताना काढलेले आहे! त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काय आहे? काहीही नाही. तो अमेरिकन आहे, एकटा पुढे गेला आणि मला आनंद झाला, एवढ्यावरून मी त्याला अडवले. तू लँडिसवर संशय घेतलास तेव्हा तुझ्याकडे कारण होते, कारण कोसळलेला माणूस एका रात्रीत तसा उठत नाही हे सायकल चालवणाऱ्या कुणालाही कळते. माझ्याकडे नुसती सवय उरली आहे आणि ती मी ईराच्या हातात दिली, याची मला भीती वाटते.

काल गुरुपौर्णिमा होती, सरांच्या फोटोला हार घातला. आणि काल रात्री शेवटचा टप्पा झाला. ऑलिम्पिकमुळे यंदा शर्यत पॅरिसला न संपता नीसला संपली आणि मोनॅकोहून नीसपर्यंत टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचा टप्पा, होती. शेवटच्या दिवशी टाइम ट्रायल यापूर्वी थेट १९८९ मध्ये झाली होती, असे समालोचक पुन्हा पुन्हा सांगत होते. जॉर्गेन्सन एकूण आठवा आला. मग ईराने विचारले, १९८९ मध्ये काय झाले होते?

तू इथे असायला हवी होतीस. मी तिला व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचे ते साडेचोवीस किलोमीटर सांगितले, फ्रान्सच्या लोरां फिन्योंची पन्नास सेकंदांची आघाडी सांगितली, त्याची मोकळी शेंडी आणि वारा कमी लागावा म्हणून लेमाँडने पुढे काढलेले हँडल सांगितले. १९८७ च्या एप्रिलमध्ये शिकारीत मेहुण्याच्या हातून गोळी लागून लेमाँड कसा मरता मरता वाचला आणि तीसहून अधिक छर्रे शरीरात ठेवून परत कसा आला, तेही सांगितले. त्या दिवशी त्याने फिन्योंपेक्षा अठ्ठावन्न सेकंद कमी घेतले आणि ३२८५ किलोमीटरनंतर आठ सेकंदांनी टूर जिंकली. हँडलामुळे जिंकला असे मी म्हटले होते आणि तू भर वाचनालयात ओरडली होतीस, हेही सांगितले. पैज तू जिंकली असूनही मिसळीचे पैसे तूच दिलेस, हे ऐकून ती खूप हसली. मग १९८४ मध्ये मारियान मार्टिन ही बोल्डरची मुलगी बायकांची पहिली टूर जिंकून त्याच फिन्योंबरोबर मंचावर उभी राहिली आणि तिला हजार डॉलरच्या आसपास मिळाले असताना त्याला लाखाहून अधिक मिळाले, हे सांगितल्यावर हसू थांबले.

सगळे ऐकून झाल्यावर ईराने विचारले, "आणि हे खरं होतं ना, आत्या?" शैला, आठ सेकंदांबद्दल असा प्रश्न आपल्याला कधी पडला नव्हता. मी हो म्हणाले. पण तिने तो विचारला, तो शुक्रवारच्या माझ्या वाक्यामुळेच विचारला, हे मला कळले. पट्ट्याची हकीकत तिला अजून सांगायची आहे आणि ती मी या रविवारी सांगणार आहे, शुक्रवारी केलेल्या लपवाछपवीसकट. कशी सांगायची, ते मात्र तुला विचारते आहे, कारण तू सुरुवातीपासून शंका घेत आलीस आणि तरीही टूरचा एकही जुलै चुकवला नाहीस. हे दोन्ही तू एकत्र कसे सांभाळलेस?

तुझ्या घराचे रंगकाम संपले का? अभयची बडोद्याहून बदली होणार असे वहिनी म्हणत होत्या, ते खरे असेल तर लगेच कळव. काकूंना माझा नमस्कार सांग आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख लिही, मी चार दिवस येऊन राहते.

आणि एक गोष्ट आठवून सांग. मॉर्झीनच्या त्या संध्याकाळी मला थांबवल्यावर, लँडिस रेषा ओलांडत असताना, तू स्वतः टाळ्या वाजवल्या होत्यास का? मला कपाचा आवाज आठवतो, पुढचे काही आठवत नाही.

तुझी,
विद्या