माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

मॅडम,

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा कंबर दुखायला लागून सहा वर्षं झाली होती. हातात रिपोर्टांची जाडजूड फाईल होती आणि एका डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं : "तसं काही नाहीये, सगळं मनाचं आहे."

तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत आणि पाऊण तास नुसतं विचारत राहिलात. झोप लागते का, वाकताना श्वास रोखून धरता का? (धरत होते. मला पत्ताच नव्हता.) मग म्हणालात, "दुखतंय म्हणजे दुखतंय. त्याला पुरावा कशाला?" रडू आवरलं नाही, त्याबद्दल आजही जरा संकोच वाटतो.

मेंदूचं नाव तुम्हीही घेतलंत, पण त्यात आरोप नव्हता. इजा भरून आली तरी मज्जासंस्था कधीकधी सावधच राहते. एकदा चोरी झालेल्या घरात मांजराच्या चाहुलीनंही माणसं उठून बसतात, तशी. ठेच लागली की आपण बोट का चोळतो, असं विचारून तुम्ही मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेला वेदनेचा सिद्धान्त सांगितलात. मज्जारज्जूत वेदनेचे निरोप मेंदूकडे सोडणारं जणू एक फाटक असतं. चोळण्याचा स्पर्श ते थोडं लोटून घेतो, मेंदूकडून खाली येणारे निरोपही ते उघडतात किंवा मिटतात. म्हणजे माझी भीती त्या फाटकाशी उभी होती! एमआरआयमध्ये दिसलेल्या, मणक्यांमधल्या ज्या फुगलेल्या चकतीला मी इतकी वर्षं घाबरले, तशी चकती काहीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत सापडते, हेही तेव्हाच कळलं.

माझी खोड तुम्ही बरोबर पकडलीत. बरं वाटलं की सगळं घर आवरायचं आणि मग तीन दिवस आडवं पडायचं. तुम्ही सहा मिनिटं चालायला सांगितलंत. बरं वाटलं तरी सातवं मिनिट नाही, आणि दुखलं म्हणून सुट्टीही नाही. पाय चालायला तयार असताना घड्याळ बघून परत फिरणं, यापेक्षा अवघड व्यायाम मी केलेला नाही. डोळे मिटून ध्यान मात्र मला जमलं नाही ते नाहीच. तुम्ही आग्रह धरला नाहीत. वाकताना हळूहळू श्वास सोडायला शिकवलंत, तेवढं अंगवळणी पडलं.

दुखणं गेलेलं नाही. गेल्या महिन्यात दोन दिवस चांगलंच उसळलं होतं. तेव्हा अर्ध्या तासाचं चालणं दहा मिनिटांवर आणलं, बंद केलं नाही.

आणि ती वही. मी रोज दहापैकी किती दुखलं ते लिहायची. तुम्ही आकडे थांबवून "आज काय केलं" एवढंच लिहायला लावलंत. परवा ती हाताशी आली. शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची आहे. लिहायचं राहून गेलं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुमची आभारी,
साडेदहाच्या वेळेला येणारी