भंडाऱ्याचा पिवळा रंग मला परत मिळवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

जेजुरीच्या सोमवतीचा फोटो छापून आला. पहिल्या पानावर, चार कॉलम. पालखीवर उधळलेला भंडारा हवेत आहे, त्यातला कण न् कण सुटा दिसतोय, मागे दीपमाळेचा दगड काळाच राहिलाय. अंक घेऊन धावत तुमच्या स्टुडिओत आले, तर तुम्ही लग्नाच्या ऑर्डरवर बाहेरगावी. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण जेजुरीला कॅमेरा घेऊन जाणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तुम्ही जे दाखवलंत ते त्यांनाही उपयोगी पडेल.

त्याआधीच्या सोमवतीला मी चारशेच्या वर फोटो काढले होते. एकही छापण्याजोगा निघाला नाही. भंडारा म्हणजे नुसता पिवळा पत्रा, आणि माणसांचे चेहरे कुठे निळसर, कुठे हिरवट. सगळे म्हणाले, रॉमध्ये काढ, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, रंग मागाहून लॅपटॉपवर ठरवता येतात. पण पालखी कऱ्हेवर स्नानाला निघाली की मला तिथूनच, मोबाइलवरून फोटो पाठवावे लागतात. जवळ लॅपटॉप नाही, रंग सुधारत बसायला वेळ नाही. मला जेपेगच, म्हणजे कॅमेऱ्यानेच रंग पक्के करून दिलेला तयार फोटो हवा होता, आणि तो चांगला हवा होता. ही अडचण ‘हौशी लोकांचं खूळ’ म्हणून न झटकणारे तुम्ही पहिले.

ऐन लग्नसराईत तुम्ही काउंटर मुलावर सोपवलात. काकूंकडून ताटलीत हळद मागवलीत, पांढऱ्या कागदावर पसरलीत आणि दाराशी उन्हात ठेवलीत. माझ्याच निकॉनने एकेक सेटिंग बदलून तिचे फोटो काढायला लावलेत. पहिला फोटो माझ्या नेहमीच्या ‘व्हिव्हिड’वर, म्हणजे रंग भडक करणाऱ्या सेटिंगवर. स्क्रीनवर झकास दिसला. मग तुम्ही लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे हिस्टोग्राम उघडलेत, म्हणजे फोटोत उजेड कुठे किती ते दाखवणारे आलेख, डावीकडे अंधार, उजवीकडे लख्ख. मी आजवर एकच पांढरा आलेख बघत होते, त्यात सगळं ठीक होतं. इथे लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला. “पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाहीच. त्यात तू कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन दोन्ही चढवलेस. लाल भरून सांडला. सांडलेल्यात कण कुठून दिसणार?” तुमचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मग ‘न्यूट्रल’, म्हणजे सौम्य रंगांचं सेटिंग. सॅच्युरेशन एक घर खाली, कॉन्ट्रास्ट एक घर खाली, शार्पनिंग थोडं वर. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे 0.7, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्यापेक्षा उजेड जरा कमी. लालचा आलेख भिंतीपासून सुटला आणि ताटलीतल्या हळदीच्या गुठळ्या दिसायला लागल्या. मी तो फोटो मोठा करून किती वेळ बघत बसले होते, तुम्हाला आठवत असेल.

व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून कॅमेरा पांढरं पांढरं राखतो त्याचं, तर मला कधी सुचलंच नसतं. सगळी चौकट पिवळी झाली की ‘ऑटो’ला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळा ओतून तो पिवळेपणा मारतो. चेहरे निळे पडत होते ते त्यामुळे. तुम्ही ‘डायरेक्ट सनलाइट’वर, म्हणजे 5200 केल्व्हिनवर (उजेडाच्या रंगाचं माप), कायमचं बांधून टाकलंत. संध्याकाळी दिवट्या पेटल्या तरी बदलायचं नाही म्हणालात, ज्योतीचा उजेड तांबूसच दिसला पाहिजे. अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग मी ऑटोवर ठेवत होते, ते बंद करायला लावलंत. काळ्या दगडातला अंधार ते उगाच उजळत होतं.

तुम्ही लॅबमध्ये प्रिंटिंग केलेलं माणूस. पिवळा एक पॉइंट कमी, मजेंटा एक जास्त, हे निगेटिव्ह बघून बोटांनी ठरवायचात. तुम्ही म्हणालात, आता ते काम कॅमेरा करतो, पण त्याला जेजुरी ठाऊक नाही, म्हणून आधी आपण सांगायचं. आणि जेपेगला स्लाइड फिल्म समज, जिच्यात उजेड चुकला तर निगेटिव्हसारखा प्रिंट करताना सावरता येत नाही. रॉ फाइलमध्ये 14 बिट, म्हणजे एकेका रंगाच्या 16,384 पायऱ्या असू शकतात. जेपेगमध्ये 8 बिट, 256 पायऱ्या. बाकीच्या कॅमेऱ्याने टाकून दिल्या की मागाहून मागता येत नाहीत. स्लाइडवाले उजेडाला किती जपायचे, ते तेव्हा मला उमगलं.

परवा गडाच्या पायऱ्यांवर ‘येळकोट येळकोट’चा गजर उठला आणि पहिली मूठ उधळली गेली, तेव्हा माझा हात मेनूकडे गेलाच नाही. तीन फोटो काढून लालचा आलेख पाहिला, अजून जरा टेकत होता, उणे 1 केलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला तो पालखी खाली उतरेपर्यंत. फोटो कऱ्हेच्या काठावरून जसाच्या तसा पाठवला. डेस्कवर रंगाला कुणी हात लावला नाही.

त्या दुपारचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मोठा प्रिंट मात्र तुमच्याच मशीनवर, पैसे देऊन काढणार आहे. परत आलात की कळवा, कार्ड अजून रिकामं केलेलं नाही. काकूंना नमस्कार सांगा. ताटली त्यांचीच होती, हळदही.

तुमची,
जेजुरीची सोमवती टिपणारी मुलगी